छप्परबंदांचे रुपये

चोरांच्या नावांचा मला जुना नाद. अमरकोश चोराला दहा नावे देतो. त्यातले तस्कर आणि दस्यू अजून वापरात आहेत, पाटच्चर आणि मलिम्लुच पोथीतच राहिले. मराठी माणूस चोराला कामावरून ओळखतो. अंगणातली बादली नेणारा भुरटा, भिंत फोडणारा घरफोड्या, गर्दीत हात मारणारा खिसेकापू, गोड बोलून गंडवणारा भामटा. कायदा तर डोकी मोजतो : चौघांनी लुटले तर जबरी चोरी, पाचवा मिळाला की दरोडा.

मनूशी माझे एरवी जमत नाही, पण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातली विभागणी बिनतोड आहे. चोर दोन प्रकारचे, छुपे आणि उघड. रानात दबा धरतो तो छुपा. मालात फसवणारा व्यापारी आणि लाच खाणारा, हे उघड.

इंग्रजी अमदानीत एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर १९०८ साली जाडजूड पुस्तक काढले. त्याला खोटी नाणी ओळखण्याच्या सूचनाही जोडल्या आहेत. त्यात मी अडकलो तो छप्परबंदांपाशी. छप्परबंद म्हणजे छप्पर शाकारणारा. मोगल फौजेच्या तळांवर गवताच्या झोपड्या बांधणारे ते हे लोक, असे परंपरा सांगते. फौजा गेल्या, काम गेले. पोलिसी नोंदींत विजापूरकडचे छप्परबंद फकिराच्या वेषात हिंडतात आणि मातीच्या साच्यात रुपये ओततात. तांब्याची मोड दाखवून घरच्या बाईकडे रुपया मागायचा, उलटसुलट न्याहाळायचा, ‘नको, राहू दे’ म्हणून परत करायचा. परत मिळालेला रुपया खोटा असे.

हातचलाखी करणार एखादा. कायद्याने पकडले सगळ्या जमातीला. १८७१ साली उत्तरेत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या सुधारणेने देशभर पसरला. नोंद झालेल्या जमातींच्या माणसांना हजेरी आणि गाव सोडण्यावर निर्बंध आले. लाचखाऊंच्या पोरांना मात्र कोणी हजेरीला उभे केले नाही.

१९५२ साली हा कायदा गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज चौदा नावे आहेत. त्यांत छप्परबंद आहेत, तसेच भामटा आणि राजपूत भामटाही. उचल्या हाही असाच कामावरून माणसांना चिकटलेला शब्द. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली तोच आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर ठेवला आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. हिणवणाऱ्या शब्दाला असे चोख उत्तर मराठीत क्वचितच दिले गेले असेल.

आपली वर्तमानपत्रे मात्र अजून ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ असा मथळा खुशाल छापतात. तोच शब्द एखाद्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर असतो आणि तो मथळा तिलाही वाचावा लागतो. ‘ठकसेन’ हा तयार शब्द हाताशी असताना संपादकांनी एवढा हट्ट सोडायला हरकत नसावी.