संगणकातला बिगूल

बिगुलाला ना भोके असतात, ना पिस्टन. तरी आपला बिगुलर त्यातून पाच सूर काढतो: सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि प. हे सगळे ओठांच्या ताणावर. नळीचा मूळ आकडा साधारण 116.5 हर्ट्झ धरला, तर हे पाच सूर त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत येतात: 233, 349.5, 466, 582.5 आणि 699. आपण रोज ऐकतो ते बहुतेक कॉल एवढ्यावरच भागतात.

यातला कोणताही एकच सूर घेतला, तरी त्याच्या पोटातही अशाच पटी असतात. 233 चा सा वाजतो तेव्हा 466, 699, 932 हेही त्याच्यासोबत वाजत असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. ज्यांच्या घरी तंबोरा आहे, त्यांनी खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकला असेल. तो पाचवा हार्मोनिक. बासरी आणि बिगूल एकाच सुरात वाजले तरी आपण ते ओळखतो, त्याचे मोठे कारण म्हणजे दोन्हींतले या हार्मोनिकांचे प्रमाण वेगळे असते.

मी हे परीक्षेसाठी शिकलो नाही. फाउंडर्स डेच्या नाटकात शेवटी लास्ट पोस्ट हवे होते आणि नऊ दिवस आधी आमच्या बिगुलरचा ओठ बॉक्सिंगमध्ये फुटला. मिळालेल्या रेकॉर्डिंगमध्ये मागे गर्दीचा कलकलाट होता. मी म्हणालो, संगणकावर करून देतो. अगदी सहज म्हणालो.

व्हायटल नावाच्या सिंथेसायझरची मोफत आवृत्ती मिळते. तो वेव्हटेबलवर चालतो. ध्वनिलहरीचे एकच आवर्तन 2048 बिंदूंत साठवायचे आणि संगणकाने ते सेकंदाला 233 वेळा वाचायचे, की 233 हर्ट्झचा सूर तयार. अशी वेगवेगळी आवर्तने ओळीने ठेवली की झाले वेव्हटेबल. त्यातले प्रत्येक आवर्तन म्हणजे एक फ्रेम. वहीच्या कोपऱ्यात काढलेली चित्रे भराभर उलटली की माणूस धावताना दिसतो, तसेच हे. फक्त कुठल्या पानावर थांबायचे ते एका बटणाने ठरवता येते. जर्मनीच्या वोल्फगांग पाल्म यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत आपल्या पीपीजी वाद्यांत आणली.

फ्रेम हाताने घडवता येते. पडद्यावर उभ्या पट्ट्या असतात: पहिली पट्टी मूळ सुराची, दुसरी दुपटीची, तिसरी तिपटीची. पट्टी उंच केली की तो हार्मोनिक जोरात. फक्त पहिली ठेवली तर शिट्टीसारखा गुळगुळीत आवाज येतो. दुसरी निम्मी, तिसरी एक तृतीयांश असे उतरत गेलात तर करवतीच्या दात्यांसारखी लहर आणि खरखरीत आवाज. त्यातल्या सम क्रमांकाच्या पट्ट्या काढल्या की आवाज पोकळ होतो.

माझी एक संध्याकाळ लहरीचा आकार खऱ्या बिगुलाशी जुळवण्यात वाया गेली. प्रत्येक हार्मोनिकची कला, म्हणजे तो आवर्तनात कुठून सुरू होतो ते, बदलली की पडद्यावरचा आकार पार बदलतो, पण कानाला जवळपास काहीच फरक कळत नाही. जुळवायचे असते ते पट्ट्यांचे प्रमाण.

ते जुळवले, बँडच्या उस्तादांना ऐकवले. ते म्हणाले, "बेटा, ये बिगुल नहीं, साइकिल का भोंपू है।"

चूक मोठी होती. मी एकच फ्रेम केली होती आणि सूर चढताना फक्त आवाज वाढवत होतो. रेडिओचे बटण फिरवावे तसे. पितळी वाद्य जोरात फुंकले की ते मोठे होतेच, शिवाय चमकदारही होते. वरचे हार्मोनिक खालच्यांपेक्षा जास्त वाढतात. 1960च्या दशकात ज्याँ-क्लोद रिसे यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ट्रम्पेटचे सूर संगणकावर तपासले, तेव्हा हेच आढळले. सुराच्या सुरुवातीलाही खालचे हार्मोनिक आधी उभे राहतात, वरचे मागून येतात.

मग मी चार फ्रेम केल्या. पहिलीत तीनच पट्ट्या, म्हणजे हलकी फुंकर. शेवटचीत वीस, आणि दुसरी ते सहावी पट्टी पहिलीच्या बरोबरीने. मधल्या दोन अंदाजाने. कला मात्र चारही फ्रेममध्ये तीच ठेवली, नाहीतर एका फ्रेममधून दुसरीत जाताना उलट कलेचे हार्मोनिक एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज मध्येच बसतो. (हे मला तीन दिवसांनी कळले.) पुढचे काम एन्व्हलपचे: सूर सुरू झाला की सुमारे 50 मिलिसेकंदांत फ्रेमचे बटण पहिलीकडून तिसरीकडे सरकवायचे, की-बोर्डची पट्टी जोरात दाबली तर चौथीपर्यंत.

या वेळी उस्तादांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले. बिगुलरही ओठाला बर्फ लावून शेजारी बसला होता. संपल्यावर उस्तादांनी एवढेच विचारले, "इसने साँस कब ली?"

मी सगळे सूर सलग जोडले होते. बिगुलरने मला बोटाने दाखवले, तो कुठे श्वास घेतो ते. प्रत्येक ठिकाणी मी पाव-अर्ध्या सेकंदाची जागा सोडली आणि तिच्या आधीचा सूर जरा लवकर, पहिल्या फ्रेमकडे परतत संपवला. नाटकात तेच वाजले. वीरस्थळावरच्या परेडला हे चालेल का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा उस्ताद सरळ नाही म्हणाले. तोवर ओठ बरा झाला होता.