इंदिरानगरचा किराणा आणि ग्राहकाचा असंतोष

बेंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगरात किराणा, भाजी आणि दूध मिळण्याची सोय इतर शहरांना हेवा वाटावी अशी आहे, आणि तरीही मोठ्या साखळी दुकानांविषयी, म्हणजे एकाच कंपनीच्या धोरणाने ठिकठिकाणी चालणाऱ्या दुकानांविषयी, तेथे नाराजी आहे. या दुकानांत पुष्कळ वस्तू छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळत असल्यामुळे ही नाराजी केवळ महागाईची म्हणता येत नाही; कोणता माल कोठून घ्यायचा हे ठरवणे ग्राहकाच्या हाती कितपत उरले आहे, या प्रश्नाशी तिचा अधिक संबंध आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत या शहरातील दुकानांची मालकी कशी फिरली, हे पाहिल्यावर त्या प्रश्नाचे गांभीर्य कळते. १९९९ मध्ये इंटरनेटवर सुरू झालेले फॅबमार्ट पुढे फॅबमॉल या नावाने प्रत्यक्ष दुकानांत उतरले आणि अखेर आदित्य बिर्ला समूहाच्या 'मोर' साखळीत मिसळून गेले. त्याच्या संस्थापकांनी २०११ मध्ये उभारलेले बिगबास्केट २०२१ मध्ये टाटा समूहाकडे गेले. २०२२ मध्ये बिग बझारची अनेक दुकाने रिलायन्सने ताब्यात घेतली, आणि केवळ व्यापाऱ्यांना घाऊक माल विकणाऱ्या ज्या जर्मन मेट्रो कंपनीने २००३ मध्ये भारतातील आपला व्यवसाय बेंगळुरूतूनच सुरू केला होता, तिचा भारतातील कारभारही २०२३ मध्ये २,८५० कोटी रुपयांना त्याच समूहाकडे आला. यांपैकी एकाही व्यवहारात ग्राहकाला कोणी विचारले नाही, आणि छोट्या दुकानदारालाही नाही, जरी मेट्रोतून माल उचलणारा दुकानदार आता आपल्याच प्रतिस्पर्ध्याकडून खरेदी करू लागला होता.

दुकानदाराला माल पुरवणाऱ्या वितरकांची तक्रार याहून तीव्र आहे. बड्या खरेदीदारांना कंपन्या अधिक सवलतीत माल देतात, म्हणून २०२२ च्या आरंभी महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने ब्लिंकिट, इन्स्टामार्ट आणि झेप्टो या दहा-पंधरा मिनिटांत माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. प्रतिस्पर्ध्याला बाजारातून हुसकावण्यासाठी खर्चाहूनही कमी दराने माल विकला जातो, असा त्यांचा आक्षेप होता.

येथे कायद्याची मोठी उणीव उघडी पडते. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमानुसार वर्चस्व असणे हा गुन्हा नसून त्याचा गैरवापर निषिद्ध आहे, आणि तोट्यातील विक्रीला गैरवापर ठरवण्यासाठी ती करणारी कंपनी संबंधित बाजारात वर्चस्वशाली असल्याचे आधी सिद्ध करावे लागते. तीन-चार बलाढ्य कंपन्या एकमेकींशी झुंजत असतील, तर त्यांपैकी कोणतीही एकटी वर्चस्वशाली ठरत नाही, आणि अनेक कंपन्यांचे सामूहिक वर्चस्व ही कल्पना भारतीय कायद्याने अद्याप स्वीकारलेली नाही. परिणामी चार हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले गेले, तरी कायद्याच्या लेखी स्पर्धा निरोगीच ठरू शकते. ब्रिटनमध्ये मोठ्या साखळ्या पुरवठादारांशी कसे वागतात यावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी २०१३ पासून आहे; भारतात असे पद निर्माण करण्याची गरज टाळता येणार नाही.

लहान तक्रारींना मात्र दाद मिळते. कंपनीचे बोधचिन्ह छापलेल्या पिशवीसाठी वीस रुपये आकारल्याबद्दल बेंगळुरूच्या ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये आयकियाला भरपाई द्यायला लावली, आणि बिल करताना मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने त्याच वर्षी दिली.

पर्यायही अगदीच नाहीत असे नाही. फलोद्यान खात्याचे संचालक डॉ. मरीगौडा यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये स्थापन झालेली हॉपकॉम्स ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था बेंगळुरूच्या वस्त्या-वस्त्यांत भाजी-फळे विकत आली आहे, आणि मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट बांधून सामूहिक खरेदी व घरोघर वाटप यशस्वी करून दाखवले आहे. इंदिरानगरसारख्या वस्तीत, जिथे रहिवासी संघटना निवासी गल्ल्यांतील व्यापारीकरणाविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आल्या आहेत, अशा सामूहिक खरेदीसाठी लागणारी माणसे आणि संघटनेची सवय आधीच उपलब्ध आहे.