गोळी चालू आहे, पण बीपी पाहिलं का?

बारामती काय, इंदापूर काय, एचआयव्हीच्या गोळ्या नेमानं घेणाऱ्या कितीतरी बायका संसार रेटताहेत. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली, आयुष्य वाढलं. आता चाळिशी-पन्नाशीत काळजी हृदयाची! विषाणू दबला तरी अंगात बारीक दाह धुमसत राहतो, रक्तवाहिन्या खराब होतात. काही औषधांनी चरबीही वाढते. 'रिप्रीव्ह' अभ्यासात भारतासह १२ देशांतले ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण होते. पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारखी दुखणी सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसली, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणून ती गोळी मनानं आणायची नाही हं. केंद्रात बीपी, साखर, कोलेस्टेरॉलचं विचारा. मिश्री लावत असाल तर तेही सांगा. आणि बीपीच्या डॉक्टरांपासून एआरटी लपवू नका. काही गोळ्यांचं एकमेकींशी पटत नाही.