चा बुम-कुन : इकडचा की तिकडचा?

फ्रँकफुर्टचं विली-ब्रांट-प्लात्झ हे भुयारी स्टेशन आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरचं. तिथल्या खांबांवर आइन्त्राख्त फ्रँकफुर्ट या क्लबच्या गाजलेल्या खेळाडूंची मोठाली चित्रं आहेत. गाडी पकडायच्या घाईत आपण त्यांच्याकडे फारसं पाहत नाही. पण पुढच्या वेळी जरा थांबा. त्यांत एक चेहरा कोरियन माणसाचा आहे. त्याचं नाव चा बुम-कुन.

कोरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी येतं, म्हणजे ‘चा’ हे त्याचं आडनाव. मी काही वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे हे आडनाव वाचताच मला आधी षष्ठीचा प्रत्यय आठवला. ‘चा’ म्हटलं की ‘कोणाचा?’ हा प्रश्न आलाच. या माणसाच्या आयुष्यात तो खरोखरच पुन्हा पुन्हा आला. आपल्यालाही तो नवा नाही. सुट्टीत गावी गेलं की शेजारच्या काकू विचारतातच, “आता तुम्ही तिकडचेच ना?”

चा बुम-कुनचा जन्म १९५३ चा, दक्षिण कोरियातल्या ह्वासाँगचा. एकोणिसाव्या वर्षी तो देशाच्या संघात आला. १९७६ मध्ये सोलमध्ये मलेशियाविरुद्धच्या सामन्यात कोरिया १-४ असा मागे होता. प्रेक्षक घरी निघायच्या बेतात असताना या पोराने शेवटच्या काही मिनिटांत लागोपाठ तीन गोल मारले आणि सामना ४-४ असा बरोबरीत सोडवला. त्या दिवसापासून तो कोरियाचा लाडका झाला.

दोन वर्षांनी, १९७८ च्या डिसेंबरात, तो पश्चिम जर्मनीत आला. जर्मन लोकांना कोरियन माणूस तोवर अगदी अपरिचित नव्हता. १९६३ ते १९७७ या काळात सुमारे आठ हजार कोरियन तरुण इथल्या कोळशाच्या खाणींत काम करायला आले होते आणि दहा हजारांहून जास्त कोरियन मुली इथल्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबत होत्या. पगारातला मोठा हिस्सा गावी जायचा. त्यावर भावंडांची शिक्षणं व्हायची, घरं उभी राहायची. हे आपल्याला समजावून सांगायला नकोच. पण खाणीत उतरणारा किंवा रात्रपाळी करणारी कोणाच्या नजरेत भरत नाही. चा मात्र दर शनिवारी हजारोंसमोर मैदानात उतरणार होता.

सुरुवातच अडखळत झाली. दार्मश्टाट क्लबकडून तो जेमतेम एक सामना खेळला आणि त्याला परत बोलावणं आलं. सक्तीची लष्करी सेवा पूर्ण झाली असं त्याला वाटत होतं, सरकारच्या मते ती अजून बाकी होती. तो मुकाट्याने परतला, उरलेले महिने हवाई दलात काढले आणि १९७९ च्या उन्हाळ्यात पुन्हा आला. या वेळी आइन्त्राख्त फ्रँकफुर्टकडून.

पहिल्याच हंगामात, १९८० मध्ये, फ्रँकफुर्टने युएफा चषक जिंकला, पुढच्या वर्षी जर्मन चषक. जर्मन लोक त्याला ‘चा बुम’ म्हणू लागले. त्यांच्या कानांना तो तोफेचा बारच वाटत असणार, आणि त्याचे फटकेही तसेच होते. अफाट वेग आणि दोन्ही पायांत जोर.

त्याच्या इथल्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र मला या चषकांहून मोठी वाटते. ऑगस्ट १९८० मध्ये लेव्हरकुसेनविरुद्धच्या सामन्यात युर्गेन गेल्सडोर्फ या बचावपटूने त्याला मागून धडक दिली. चाच्या पाठीच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. घरात जेमतेम महिन्याचं बाळ, परका देश, आणि पुन्हा खेळता येईल का याची खात्री नाही. फ्रँकफुर्टचे चाहते इतके खवळले की गेल्सडोर्फला धमक्या येऊ लागल्या. चाने मात्र कोर्टकचेरी केली नाही. तो बरा झाला, मैदानात परतला आणि तीन वर्षांनी चक्क लेव्हरकुसेनलाच गेला, जिथे गेल्सडोर्फ अजून खेळत होता. ज्याच्यामुळे खाट धरली, त्याच्याच बरोबरीने त्याच रंगाचा सदरा घालून तो खेळू लागला. परक्या गावात घर असं उभं राहतं, मन मोठं ठेवून.

लेव्हरकुसेनकडून त्याचा सर्वात मोठा दिवस १८ मे १९८८ चा. युएफा चषकाच्या अंतिम फेरीत पहिला सामना एस्पान्योलने ३-० असा जिंकला होता. घरच्या मैदानावर लेव्हरकुसेनने दोन गोल परत केले आणि तिसरा, बरोबरी साधणारा, चाने डोक्याने मारला. चारच दिवसांनी तो पस्तिशीत प्रवेश करणार होता! पेनल्टीवर लेव्हरकुसेन जिंकलं. १९८९ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा बुंडेसलीगात त्याच्या नावावर ३०८ सामने आणि ९८ गोल होते. या ९८ पैकी एकही पेनल्टीचा नाही.

हा सगळा काळ कोरिया कुठे होता? या वर्षांतली सात वर्षं तो देशाच्या संघाकडून खेळला नाही. थेट १९८६ च्या विश्वचषकासाठी त्याला बोलावलं गेलं. घरात मात्र कोरिया होताच. तिन्ही मुलांची नावं कोरियन भाषेतल्या एक, दोन, तीन या आकड्यांवरून ठेवलेली! मधला, फ्रँकफुर्टला जन्मलेला मुलगा, तो दुरी.

निवृत्तीनंतर तो सहज इथेच राहू शकला असता. पण तो परत गेला आणि आधी लहान मुलांकडे वळला. १९८८ पासूनच त्याच्या नावाने शाळकरी फुटबॉलपटूंना पुरस्कार दिला जात होता, आणि १९९० मध्ये त्याने मुलांसाठी फुटबॉलची शाळा काढली. तो पुरस्कार मिळालेल्या मुलांत पार्क जी-सुंग होता, जो पुढे मँचेस्टर युनायटेडकडून खेळला.

खेळाडूला आपण ‘तो’ म्हणतो, प्रशिक्षक झाला की ‘ते’. तेव्हा इथून पुढे ‘ते’. उल्सानच्या क्लबनंतर १९९७ मध्ये चा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्या सप्टेंबरात टोकियोत, जपानच्या अंगणात, कोरियाने पिछाडीवरून २-१ असा विजय मिळवला. देशाने त्यांना डोक्यावर घेतलं. कोरिया दिमाखात १९९८ च्या विश्वचषकाला पात्र ठरला.

नऊच महिन्यांत चित्र पालटलं. फ्रान्समध्ये मेक्सिकोकडून १-३ आणि मग मार्सेयला नेदरलँड्सकडून ०-५ अशी हार झाली. अजून एक सामना बाकी होता. तरीही स्पर्धा चालू असतानाच त्यांना पदावरून काढण्यात आलं. बेल्जियमविरुद्धचा तिसरा सामना कोरियाने त्यांच्याविना खेळला आणि बरोबरीत सोडवला. पुढे देशातल्या सामन्यांत निकाल ठरवले जातात असं त्यांनी एका मुलाखतीत म्हटलं, तेव्हा फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ते चीनमधल्या शेन्झेनच्या क्लबला शिकवायला गेले. परदेशातून हौसेने मायदेशी परतलेला माणूस पुन्हा परदेशी निघाला, आणि या वेळी मनाविरुद्ध.

आपण परत जाण्याचे बेत करतो तेव्हा घर, मुलांच्या शाळा, आईवडिलांची औषधं यांचा हिशेब मांडतो. आणखी एक हिशेब मांडायचा राहतो. जाताना आपल्याकडून कोणाची फार अपेक्षा नसते. परतताना मात्र सगळं शिकून आलेला माणूस म्हणून आपल्याकडे पाहिलं जातं, आणि त्याला चुकायची मुभा कमी असते. चांना परक्या जर्मनीने दुखापतीतून सावरायला वेळ दिला, स्वतःच्या देशाने दोन सामन्यांपलीकडे धीर धरला नाही.

पण ते रुसून बसले नाहीत. २००२ चा विश्वचषक कोरिया आणि जपानमध्ये झाला, तेव्हा ते दूरचित्रवाणीवर समालोचन करत होते आणि दुरी मैदानात होता. त्या संघाचे प्रशिक्षक होते गुस हिडिंक. १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या ज्या संघाने चांचं पद घालवलं, त्याचेही प्रशिक्षक हेच! कोरिया उपांत्य फेरीत पोहोचला. पुढे सुवोन सॅमसंगचे प्रशिक्षक म्हणून चांनी २००४ आणि २००८ मध्ये कोरियाची लीग जिंकून दाखवली.

त्यांचा युरोपातल्या १२१ गोलांचा कोरियन विक्रम २०१९ च्या नोव्हेंबरात सोन ह्युंग-मिनने मोडला. हा सोनही हॅम्बुर्ग आणि लेव्हरकुसेन करत वर आलेला. त्याच महिन्यात जर्मन सरकारने चांना आपला मानाचा क्रॉस दिला. जर्मनीने त्यांना ‘आमचा’ म्हटलं, ते मायदेशी परतून तीस वर्षं झाल्यावर.

आणि दुरी? २०२५ च्या हंगामापासून तो कोरियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये एका संघाचा प्रशिक्षक आहे. संघाचं नाव ह्वासाँग. फ्रँकफुर्टला जन्मलेला मुलगा आज वडिलांच्या गावच्या पोरांना शिकवतो आहे.

तेव्हा शेजारच्या काकूंनी पुन्हा विचारलं, तर व्याकरणाचा आधार घ्यायला हरकत नाही. षष्ठीचा प्रत्यय एका वेळी एकाच शब्दाला लागतो हे खरं, पण माणूस एका वेळी दोन गावांचा असू शकतो.