शेगडीचा अदृश्य वायू व त्याचे मोजमाप

हुबळी-धारवाडसह सीमाभागातील अनेक घरांत बाळंतिणीला व अर्भकाला कोळशाच्या शेगडीचा शेक देण्याची रीत जुनी आहे. परंतु खोलीची दारे-खिडक्या बंद असल्यास हीच ऊब जीवघेणी ठरू शकते. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. त्याचे अस्तित्व मोजमापानेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हवेतील या वायूची मर्यादा २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ४ मिलिग्रॅम अशी सुचविली आहे.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ व भोवळ ही प्रारंभीची लक्षणे होत. बोटाला लावण्याच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही. आकडा समाधानकारक दिसत असूनही रुग्ण अत्यवस्थ असू शकतो. त्यासाठी रक्तच तपासावे लागते. साध्या हवेत वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे १ ते दीड तास पुरतो.

म्हणून बंद खोलीत पेटती शेगडी ठेवू नये. कोणास भोवळ आल्यास त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे. हुबळीत १९५७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे वा अन्यत्र, डॉक्टरांना शेगडीची हकीकत आवर्जून सांगावी. रक्तात काय मोजावयाचे, हे त्यावरून ठरते.