तणनाशक इलेक्ट्रॉनला कोठे अडवते?

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नडकडे मक्याची शेते दिसतात. मक्यातील तणावर अ‍ॅट्राझिन हे तणनाशक वापरतात. तण पिवळे पडून वाळते, मका मात्र हिरवा राहतो. तणाच्या पानात नेमके काय होते, आणि ते कळले कसे?

प्रकाशसंश्लेषणात पाण्यापासून निघालेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रकाशप्रणालीकडून पहिलीकडे हातोहात पोहोचवला जातो. (हे क्रमांक कामाच्या क्रमाने दिलेले नाहीत!) हा प्रवास सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. पण रेणूत इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात व एकमेकांचे चुंबकत्व खोडून काढतात. जोडीतील एक गेला की उरलेला एकटा इलेक्ट्रॉन चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. सुमारे ०.३४ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास तो सेकंदाला सुमारे ९५० कोटी कंपनांच्या सूक्ष्मतरंग लहरी शोषतो. हे शोषण मोजण्याच्या पद्धतीला ईपीआर म्हणतात. १९५६ मध्ये बॅरी कॉमनर व सहकाऱ्यांनी हरितलवकांवर प्रकाश टाकून असा संकेत टिपला. त्यांपैकी एक संकेत पहिल्या प्रणालीतील पी-७०० या हरितद्रव्याचा होता, हे पुढे सिद्ध झाले. पी-७०० ने इलेक्ट्रॉन गमावला की तो उमटतो.

आता प्रयोग पाहू. ७०० नॅनोमीटरहून लांब तरंगांचा तांबडा प्रकाश मुख्यतः पहिली प्रणालीच चालवतो. पी-७०० रिकामे होते, संकेत वाढतो. त्यात ६५० नॅनोमीटरचा प्रकाश मिसळला की दुसरी प्रणालीही चालते. तिच्याकडून इलेक्ट्रॉन येऊन जागा भरतात, संकेत घटतो. अ‍ॅट्राझिन घातल्यावर मात्र तो घटत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉन पी-७०० पर्यंत पोहोचतच नाहीत. वाट त्याआधीच अडली आहे. नेमकी जागा इतर प्रयोगांनी ठरली. दुसऱ्या प्रणालीच्या डी-१ प्रथिनात प्लास्टोक्विनोन हा इलेक्ट्रॉनवाहक जेथे बसतो, तेथेच अ‍ॅट्राझिन ठाण मांडते. वाट न मिळालेली ऊर्जा क्रियाशील ऑक्सिजन तयार करते व त्याने पेशींची पटले नासतात. मक्यातही अ‍ॅट्राझिन शिरते. पण मका त्याला ग्लुटाथायोन जोडून निरुपद्रवी करतो.

तणही गप्प बसत नाही. अ‍ॅट्राझिनच्या गटातील तणनाशकाला न जुमानणारे तण अमेरिकेत १९७० मध्येच नोंदले गेले. अशा अनेक तणांत डी-१ मधील एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. तेवढ्याने औषधाची बैठक मोडते. म्हणून एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरणे धोक्याचे, असे आम्हाला वाटते.

वर्गात विचारून पाहा: अशा प्रतिकारक तणाच्या हरितलवकांत अ‍ॅट्राझिन घातले, तर ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशात संकेत घटेल की तसाच राहील?