विश्लेषण : छोट्या कार्यालयाला फ्रँकिंग मशीन परवडते का?

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावात सभेची सूचना, थकबाकीची नोटीस, वकिलाचे पत्र असे अनेक कागद आजही टपालाने जातात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. टपालखर्चाचा हिशेब नव्याने मांडताना फ्रँकिंग मशीन भाड्याने घ्यावे का, हा प्रश्न येतो.

हे मशीन काय करते?

तिकीट चिकटवण्याऐवजी ते पाकिटावर टपालखर्चाचा शिक्का छापते. त्यासाठी टपाल खात्याचा परवाना लागतो आणि यंत्रही खात्याने मान्यता दिलेलेच असावे लागते. रक्कम आगाऊ भरायची, प्रत्येक शिक्क्यागणिक शिल्लक कमी होते. शिक्का मारलेली पत्रे ठरवून दिलेल्या टपाल कार्यालयातच द्यावी लागतात. दस्तावरील मुद्रांक शुल्काचे फ्रँकिंग ही वेगळी गोष्ट आहे. ते या यंत्रावर होत नाही.

पैसे वाचतात का?

मुख्यतः वेळ वाचतो. २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला तिकीट लावले तरी ५ रुपये आणि शिक्का मारला तरी टपालदर तोच. समजा, ६०० सभासदांच्या पतसंस्थेने वार्षिक सभेची सूचना साध्या टपालाने पाठवली, तर खर्च ३,००० रुपये. पण सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणजे हे काम वर्षातून एकदाच. उरलेले महिने यंत्र पडून राहिले तरी भाडे सुरूच.

नोटिशीचे काय?

इथेच गफलत होते. फ्रँकिंगचा शिक्का हा टपालखर्च भरल्याचा पुरावा आहे, पत्र पोहोचल्याचा नव्हे. प्रकरण न्यायालयात गेले तर पोहोच दाखवावी लागते. ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला स्थानिक १९ रुपये, तर बाहेरगावी ४७ रुपये. पत्र नावाच्या व्यक्तीलाच मिळावे यासाठी नोंदणीचे ५ रुपये अधिक. १८ टक्के जीएसटी धरून बाहेरगावचे पत्र साधारण ६१ रुपयांना पडते. स्थानिक दरात कोणती गावे येतात, हे काउंटरवर आधी विचारावे.

करार करताना काय पाहावे?

कराराची किमान मुदत, शाईचा खर्च, दर बदलल्यावर यंत्र अद्ययावत करण्याचे शुल्क, परवान्याचे नूतनीकरण कोणी करायचे आणि यंत्र परत केल्यास शिल्लक रक्कम कशी मिळणार, हे लेखी घ्यावे. शिल्लक ऑनलाइन भरायची असल्याने इंटरनेट लागते. जंगलपट्ट्यात नेटवर्क आणि वीज दोन्ही दगा देतात. दुरुस्तीचा माणूस कुठून आणि किती दिवसांत येणार, हेही विचारावे.

मग पर्याय काय?

आवक-जावक नोंदवहीतील मागील १२ महिन्यांची पत्रे मोजा. साधी वेगळी, नोटिसा वेगळ्या. रोज साध्या पत्रांचा गठ्ठा निघत असेल तरच मशीनचा विचार करावा. नोटिसाच जास्त असतील तर टपाल कार्यालयात घाऊक ग्राहक म्हणून चौकशी करावी. नव्या घाऊक ग्राहकांना स्पीड पोस्टवर ५ टक्के सवलत जाहीर झाली आहे. दोन्ही कमी असतील, तर तिकिटांचे पाकीट टेबलाच्या खणात असले तरी पुरेसे आहे.